कंपवातात धाप का लागते, आणि आखडलेल्या छातीचं काय करायचं

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते. वडील ६८ वर्षांचे, केज तालुक्यातले शेतकरी. चार वर्षांपूर्वी कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं. गोळ्यांनी हाताचा कंप बराच आटोक्यात आहे. पण गेले सहा-आठ महिने माळवदाच्या पायऱ्या चढल्या की धाप लागते, आवाज घशातच राहतो, आणि दिवसभर "आंग जड पडलंय" म्हणतात. एक्स-रे, ईसीजी, इको सगळं नॉर्मल. चुलते म्हणतात आराम करू द्या. गावातले डॉक्टर दर पंधरवड्याला सलाईन लावतात. तुम्हाला विचारायचंय की व्यायाम करायला लावावा की नको, आणि प्राणायामानं फुप्फुसं मोकळी होतील का.

मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे, १९ वर्षं हेच काम करतेय. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, तेव्हा खालचं सगळं "असं असण्याची शक्यता जास्त" एवढ्याच बेतानं वाचा.

सगळं खापर कंपवातावर फोडण्याआधी काही गोष्टी बघून घ्या. इको नॉर्मल आहे हे चांगलंच, पण हिमोग्लोबिन केलंय का? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसात रक्त कमी असणं नवीन नाही, आणि त्यानंही अशीच धाप लागते. बिडीची सवय होती का, घरात वर्षानुवर्षं चुलीचा धूर होता का, हे डॉक्टरांना सांगा. फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी त्यासाठी लागते, एक्स-रेत ते कळेलच असं नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि वजन उतरत असेल तर थुंकी तपासा. आडवं पडल्यावर दम वाढणं, पायावर सूज, एकाच पोटरीला सूज येऊन एकाएकी धाप, छातीत दुखणं, ताप, यातलं काही असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा. झोपेत श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तोही न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घाला.

हे सगळं निस्तरलं असं धरून पुढे बोलते.

फुप्फुसाला स्वतःचं बळ नसतं. लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणा. कातडं कितीही शाबूत असलं तरी फळ्या उघडल्या नाहीत तर हवा येणार कुठून? या फळ्या म्हणजे बरगड्या, त्यांच्यामधले स्नायू, आणि छाती-पोटामधला पडदा. कंपवातात हात जसा ताठ होतो तसेच हे स्नायूही ताठ होतात. त्यात माणूस पुढे वाकतो, पाठीला पोक येतो, बरगड्या खाली कमरेकडे सरकतात आणि पडद्याला खाली उतरायला जागा राहत नाही. एक्स-रेवाला स्थिर फोटो काढतो. त्यात फुप्फुस स्वच्छ दिसतं, कारण ते स्वच्छच आहे. छाती किती उघडते हे त्या फोटोत कळत नाही. मी शिंप्याची टेप वापरते. काखेच्या जरा खाली छातीभोवती धरायची, पूर्ण श्वास सोडायला लावायचा, मग पूर्ण घ्यायला लावायचा. निरोगी माणसात साधारण ५ सेंटिमीटर किंवा जास्त फरक पडतो. अडीचच्या आत आला तर भाता आखडलाय असं समजा. हे घरीही जमतं, फक्त दर वेळी टेप एकाच जागी धरा.

पण ताठरपणा हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते घरच्यांना क्वचितच कोणी सांगतं.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि त्यासोबत हालचालीचं माप बिघडतं. अक्षर बारीक होत जातं, पाऊल आखूड पडतं, चालताना हात हलायचा थांबतो, आवाज लहान होतो. श्वासही त्याच मापानं लहान होतो. आणि त्या माणसाला ते कळत नाही! मेंदू सांगत असतो की पूर्ण श्वास घेतला. आमच्याकडे एक मामा यायचे, आडतीत सौदा पुकारण्यात हयात गेलेली. एकेकाळी सगळ्या गाळ्यात ऐकू जाईल असा आवाज, आणि आता शेजारी बसलेल्या मामींना ऐकू येईना. मामा मला म्हणाले, "मी बोलतो तसंच बोलतोय, हिचेच कान गेलेत." मी मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवला, तेव्हा बराच वेळ गप्प बसले. त्या दिवसानंतर मामींच्या कानाचा विषय निघाला नाही.

म्हणून "मोठा श्वास घ्या" असं नुसतं सांगून भागत नाही. ते घेतातच, त्यांच्या मापानं. त्यांना जे "जरा जास्तच झालं" वाटतं, ते बाहेरून आपल्याला जेमतेम बरोबर दिसतं. हे माप पुन्हा बसवणं हेच व्यायामातलं खरं काम. बळ वाढवणं त्याच्या मागून येतं.

आता "अशक्तपणा". या शब्दानं फार घोळ केलाय. कंपवातात सुरुवातीला स्नायूतली ताकद तितकी गेलेली नसते, ती उशिरा पोचते. शिवाय हात वाकवणारा स्नायू आणि सरळ करणारा स्नायू दोघं एकाच वेळी ताणलेले असतात. शिवळेला जुंपलेला एक बैल पुढे ओढतोय आणि दुसरा मागे रेटतोय अशी गत. गाडी जागची हलत नाही आणि बैल मात्र घामाघूम. वडिलांचं "आंग जड पडणं" बऱ्याच अंशी हेच असतं. मग जड वाटतं म्हणून माणूस बाजेवर बसून राहतो, आणि बसून राहिल्यानं मांड्या खरोखरच वाळायला लागतात. म्हणजे आजारानं केलेलं नुकसान वेगळं, आणि आरामानं केलेलं वेगळं. पहिल्यावर माझा फारसा इलाज चालत नाही, दुसऱ्यावर चालतो.

सलाईनबद्दल स्पष्टच लिहिते. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या ५ टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एक ज्वारीची भाकरी याहून जास्त देते. तरी लोक म्हणतात की बाटली लावली की बरं वाटतं, आणि ते खोटं बोलत नाहीत. कंपवातात उभं राहिल्यावर बीपी पडण्याचा त्रास पुष्कळांना असतो. त्यात आपले एप्रिल-मे, आणि रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून पाणी कमी पिणारी म्हातारी माणसं. बाटलीनं तेवढ्यापुरतं पाणी-मीठ भरून निघतं, बीपी सावरतं, दोन दिवस हुशारी वाटते. तेव्हा बाटलीनं बरं वाटत असेल तर तो बीपीचा इशारा समजा. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. बीपीची जुनी गोळी चालू असेल तर तीही दाखवा, कारण कधीकधी तिचंच प्रमाण जास्त झालेलं असतं. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका.

इथं माझी एक चूक सांगते. धंद्यात नवी होते तेव्हा वयाच्या सूत्रावरून नाडीचा आकडा ठरवायचा आणि तिथवर रुग्णाला चालवायचं, अशी माझी पद्धत. एका काकांची नाडी नव्वदीच्या पुढे हलेना. मला वाटलं टाळाटाळ करतायत. वेग वाढवत गेले. थांबल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी व त्यांचा मुलगा मिळून त्यांना धरलं म्हणून पडले नाहीत. कंपवातात हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसाही बाधित होऊ शकतात, श्रम वाढले तरी नाडी हवी तशी वाढत नाही. त्या काकांनी पूर्ण जोर लावला होता. तेव्हापासून मी नाडीपेक्षा बोलण्यावर भरवसा ठेवते. चालताना दोन-चार शब्दांचं वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, तो जोर बरोबर. घडाघडा गप्पा मारत असतील तर वेग कमी आहे. एक शब्दही फुटत नसेल तर थांबवा. आणि थांबवताना एकदम नको, दोन-तीन मिनिटं हळू चालवून मग बसवा.

व्यायाम करायचा का, याचं उत्तर हो असंच आहे, आणि जरा जोराचाच. अमेरिकेत २०१८ साली १२८ जणांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन-चार दिवस ट्रेडमिलवर बऱ्यापैकी दमवणारं चालणं केलेल्या गटाची लक्षणं सहा महिन्यांत जवळजवळ जागच्या जागी राहिली, आणि नेहमीसारखं राहिलेल्या गटाची वाढली. आता यात एक मेख आहे. ते सगळे आजाराच्या सुरुवातीचे, कंपवाताची गोळी अजून सुरू न झालेले लोक होते. चार वर्षं झालेल्या तुमच्या वडिलांना तेच लागू पडेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आजार व्यायामानं बरा होतो असंही कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण माझ्याकडचे जे लोक नियमानं चालतात ते पायऱ्या जास्त वर्षं चढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वेळ मात्र गोळीवरून ठरवा, घड्याळावरून नको. लेवोडोपाची, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणारी गोळी घेतल्यावर साधारण पाऊण-एक तासानं अंग मोकळं होतं, व्यायाम त्या वेळात करायचा. उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घेतली तर ती नीट लागते. दूध, वरण, अंडं यांतली प्रथिनं आतड्यात तिच्याशी स्पर्धा करतात. म्हणून प्रथिनं तोडायची नाहीत, मांडीला ती हवीतच, फक्त गोळीपासून लांब ठेवायची. आणि एक आठवडा वहीत लिहून काढा: गोळी किती वाजता, धाप किती वाजता. गोळीचा असर उतरायला लागला की धाप येते, का गोळी भरात असताना अंग वळवळतं आणि तेव्हाच श्वास उथळ-अनियमित होतो? दोन्ही प्रकार असतात आणि दोघांचे इलाज उलटे. पहिल्यात गोळीचं अंतर कमी करावं लागतं, दुसऱ्यात कधी मात्रा. ते काम डॉक्टरांचं, पण वही नसेल तर त्यांनाही अंदाजच बांधावा लागतो.

याला जोडूनच सांगते. उलटी-मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन आणि चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनची गोळी खेड्यात सर्रास दिली जाते. ही औषधं डोपामिनचीच वाट अडवतात. कंपवाताच्या रुग्णाला ती नकोत. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कवचबीजाचं चूर्ण कोणी सुचवलं तर तेही परस्पर सुरू करू नका. त्यात खरोखरच लेवोडोपा असतो, आणि गोळीवर तो चढला तर मात्रा जास्त होते.

आता काय करायचं ते. तुमच्या वडिलांना मी पहिल्या दिवशी हाळी द्यायला लावेन. खरंच. बांधावर उभं राहून पलीकडच्या वावरातल्या गड्याला "ए रामाऽऽ" करून बोलवायचं. त्यासाठी आपोआप पाठ सरळ होते, छाती भरते, पोट आत जातं, आवाज लांबतो. परदेशात आवाज मोठा करण्याची जी उपचारपद्धत १९८७ पासून विकसित झाली, तिचाही गाभा हाच, मोठ्यानं बोलण्यावर सगळा भर. तिच्या नियमानुसार प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यात चार दिवस, चार आठवडे बसावं लागतं. लातूर-संभाजीनगरला कोणी मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा हाळ्या, आणि मधल्या वेळात एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजणं. आज किती आकड्यापर्यंत जातात ते वहीत टाका. शेवटचे आकडे पुटपुटले तर ते धरायचे नाहीत.

मग छाती उघडायची. पाठीच्या कण्याखाली गुंडाळलेली चादर लांबट ठेवून सपाट झोपवा, हात डोक्याकडे, पाच-सात मिनिटं. खुर्चीत बसवून दोन्ही हात पसरून मागे वळून बघायला लावा, एकदा या बाजूला, एकदा त्या. दाराच्या चौकटीत हात टेकवून छाती पुढे काढणं हेही चांगलं. प्रत्येक वेळी सांगायचं एकच, "अजून मोठं."

मांड्यांसाठी खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. पाच वेळा सलग करायला १६ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका धरून चाला आणि जवळ माणूस ठेवा. दहा-दहाचे दोन फेरे, एक दिवसाआड. जमायला लागलं की खुर्ची जरा ठेंगणी घ्या.

चालण्यासाठी टाळ वापरा. वडील भजनात बसत असतील तर काम सोपं. पावली खेळताना ठेक्यावर पाय जसा पडतो, तसा ठेका बाहेरून मिळाला की कंपवाताच्या रुग्णाचं पाऊल लांब पडतं. आपल्या आतला ठेका बिघडलेला असतो, बाहेरचा उसना घ्यायचा. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटत असतील तर ओढत नेऊ नका. थांबवा, वजन या पायावरून त्या पायावर डोलवा, "एक-दोन" म्हणा, मग मोठं पाऊल. उंबऱ्याअलीकडे फरशीवर चुन्याची आडवी रेघ मारली तर ती ओलांडताना पाय सुटतो. बघणाऱ्याला ही जादू वाटते. आमच्या क्लिनिकच्या फरशीवर अशा पट्ट्या आहेत आणि नवीन आलेले सगळे विचारतात की लंगडीच्या रेघा कशाला आखल्यात. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सातच्या आत आटपा. या आजारात घामाचं तंत्रही बिघडलेलं असतं, ऊन लवकर बाधतं. मळणीच्या दिवसांत खळ्यापासून लांब.

प्राणायामाचं म्हणाल तर अनुलोम-विलोमाला माझा विरोध नाही. मन शांत होतं, आणि धापेतला घाबरण्याचा भाग कमी होतो, तो भाग लहान नसतो. पण शांत बसून घेतलेल्या लहान श्वासानं फळ्या उघडत नाहीत. खड्या आवाजातला लांब ओंकार मला जास्त उपयोगी वाटतो. श्वास कोंडून धरणं आणि जोराची कपालभाती नको, बीपी पडणाऱ्याला तर अजिबात नको. तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र आणलं असेल तर ते ओढायचं असतं. निम्मे लोक ते फुंकत असतात.

सगळ्यात शेवटी लिहितेय, पण धापेपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. वडिलांना पाणी पिताना ठसका लागतो का? जेवणानंतर आवाज ओला, खरखरीत होतो का? कंपवाताच्या रुग्णांच्या मृत्यूचं एक मोठं कारण म्हणजे अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया. ज्या आखडलेल्या छातीनं धाप लागते, तिच्यानंच खोकलाही दुबळा होतो, आणि आत गेलेलं बाहेर फेकता येत नाही. कधीकधी तर ठसकाही लागत नाही. तेव्हा जेवताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, टीव्ही बंद, गोळीचा असर असताना जेवण. कोरडी भाकरी नको, वरणात किंवा दुधात मऊ काला करा. दुधाचा काला मात्र गोळीच्या वेळेपासून लांबच. पातळ पाणी सगळ्यात फसवं असतं, त्यामानानं आंबील बरी. आणि रोज पाच-सहा वेळा, पोट रिकामं असताना, खोल श्वास घेऊन काच पुसताना करतो तसा "हाऽह" करून जोरात हवा सोडायला लावा. श्वास बाहेर टाकायच्या ताकदीसाठी स्प्रिंगच्या झडपेचं छोटं यंत्रही मिळतं, त्यात फुंकायचं असतं. खोकला आणि गिळणं दोन्हींना त्याचा फायदा होतो. पण त्याचा ताण कुणी तरी मोजून लावून द्यावा लागतो, ऑनलाइन मागवून थेट तोंडाला लावू नका.

चुलत्यांना वाईट वाटू देऊ नका, ते मायेपोटीच बोलतायत. त्यांना एक काम देऊन टाका: रोज सकाळी टाळ घेऊन सोबत चालायचं.

आठवडाभरानं मला चार आकडे कळवा. टेपवरचा फरक, एका श्वासातले आकडे, खुर्चीवरून पाच वेळा उठायला लागलेले सेकंद, आणि आडवं-उभं बीपी. सोबत गोळ्या-धापेची वही. आणि ठसक्याचं उत्तर "हो" असेल तर आठवडा थांबू नका, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आधी ते दाखवा, हाळी नंतर देता येईल.